हात धुऊन या

चिमटेबाईंना हे नाव कुणी ठेवलं ते आता त्यांनाही आठवत नाही. पण ज्यानं ठेवलं त्याला माणसं ओळखता येत होती, एवढं खरं. बाईंच्या हातात सदानकदा चिमटा. भुवया उपटायचा नव्हे हो, पोस्टाची तिकिटं उचलायचा, चपट्या टोकांचा, गुळगुळीत. आणि जीभ अशी, की दुकानात आलेला माणूस एखादा चिमटा सोसल्याशिवाय पायरी उतरायचा नाही. तरी गिऱ्हाइकं हसायची, कारण बाई चिमटे काढायच्या ते सगळ्यांना सारखेच. निदान बाईंचा स्वतःबद्दल तसा समज होता. तो समज कसा उतरला, त्याची ही गोष्ट.

दुकान पोस्टाला लागून, जिन्याखालच्या जागेत होतं. इतकं अरुंद, की आत दोन गिऱ्हाइकं असली तर तिसऱ्यानं बाहेर उभं राहून आपलं काय ते ओरडून सांगायचं. तिथे तिकिटं थोडी आणि तिकिटं जमवणाऱ्यांना लागणारं सामान जास्त. काळ्या जाड पानांचे अल्बम. हातात घेतली की कुरकुरणारी बटर पेपरची पाकिटं. तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी. भिंगं, लहान-मोठी, एक तर इतकं मोठं की त्यातून बाईंचा डोळा दिसला तर पोरं घाबरायची. एक काळी तबकडी होती; तिच्यात तिकीट पालथं घालून पेट्रोलचे थेंब टाकले की कागदाच्या पोटात लपलेली खूण वर यायची. ते बघायला गिऱ्हाइकं एकमेकांच्या खांद्यावरून माना घालायची आणि पुन्हा पुन्हा तेच बघून पुन्हा पुन्हा ‘अरे वा’ म्हणायची.

आणि हिंज. हिंज म्हणजे नखाएवढी पातळ कागदाची पट्टी, एका बाजूला डिंक, मध्ये दुमडलेली. अर्धी जिभेनं ओली करून तिकिटाच्या पाठीला लावायची, अर्धी अल्बमच्या पानाला. चांगली हिंज कशी ओळखायची? लावली की धरते, ओढली की सोडते, आणि जाताना तिकिटाचं काही घेऊन जात नाही. अशी हिंज बाईंचे यजमान स्वतः करायचे. कागदाला एकदा डिंक लावायचा, वाळवायचा, परत लावायचा, परत वाळवायचा, मग कापायचा. घरात दोऱ्यांवर कपड्यांऐवजी कागद वाळत. त्यांना सगळे डिंककाका म्हणत. काकांनी चहाचा कप उचलला तर बशीही बरोबर वर येते, असं बाई चारचौघांत सांगायच्या, आणि काका मान खाली घालून हसायचे.

आता ते काही राहिलं नाही. पत्रंच कुणी लिहीत नाही तर तिकिटं कुठली, आणि तिकिटं नाहीत तर हिंजा कुणाला हव्यात! दुकानाच्या जागी मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. उरलेलं सामान पत्र्याच्या ट्रंकेत भरून घरी आलं, खिडकीखाली ठेवलं गेलं, आणि ट्रंक उघडणं हा बाईंचा विरंगुळा झाला. पाकिटं बाहेर काढायची, पुसायची, हिंजांची पुडी नाकाशी धरायची, आणि मग आजच्या जगाला नावं ठेवायची. “काय तो काळ होता हो! माणसं एका तिकिटासाठी ताटकळत बसायची. आता कुणाला धीर आहे?” काका ‘हं’ म्हणायचे. ट्रंकेच्या अगदी तळाशी मात्र बाईंचा हात जात नसे. तिथे न खपलेली प्लॅस्टिकची पानं होती, तपकिरी कागदात बांधलेली. आठवणी काढायच्या तर डिंकाच्या काढाव्यात, प्लॅस्टिकच्या कोण काढतो!

पण त्या प्लॅस्टिकबद्दल आधी सांगायला हवं.

दुकान जोरात होतं तेव्हा एक विक्रेता आला. टाय लावलेला, गोडबोल्या. त्यानं पारदर्शक प्लॅस्टिकचं एक पान बाईंसमोर धरलं. पानाला ओळीनं खिसे. “मॅडम, हिंज नको, जीभ नको, काही नको. तिकीट आत सरकवा, जन्मभर बघा.” बाईंनी एक तिकीट सरकवलं. काय दिसलं म्हणता! जणू काचेखाली ठेवलंय. बाई तिथेच पाघळल्या. काकांनी पान घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, “याला वास येतोय.”

“नव्या वस्तूला येतोच वास.”

“नव्या रेनकोटसारखा येतोय. सुटणारा वास आहे हा. याच्यातून काहीतरी बाहेर पडतंय.”

“तुमच्या डिंकाला काय अत्तराचा वास येतो? सरळ सांगा ना, धंदा बसेल म्हणून पोटात दुखतंय!”

आता भर दुकानात, टायवाल्यासमोर बायको असं बोलल्यावर माणूस काय करणार? काका गप्प बसले. ते पुढेही गप्पच बसले. त्यांनी स्वतःचा अल्बम तेवढा हिंजांवरच ठेवला. “जुनं खोड आहे, वळायचं नाही,” असं बाई गिऱ्हाइकांना सांगत आणि प्लॅस्टिकची पानं पुढे सरकवत. पानं धडाधड खपली.

घेणाऱ्यांत एक कंडक्टर होते, बसवर काम करणारे. पाळी संपली की तसेच गणवेशात, काखेत चामड्याची पिशवी मारून दुकानात यायचे. “बाई, दिवसभर तिकिटं फाडतो, संध्याकाळी जमवतो,” हा त्यांचा ठरलेला विनोद. तो ते दर खेपेला नव्यानं सुचल्यासारखा सांगायचे. जमवायचे तेही कामातलंच: चाकं असलेलं काहीही. आगगाडी, ट्राम, सायकल, घोडागाडी. एक मालिका होती चार बसगाड्यांची, परदेशातली, त्यातली लाल दुमजली बस मिळत नव्हती. तिच्यासाठी ते इतके दिवस खेपा घालत होते, की ती आल्यावर काकांनीच हातातलं काम टाकून डेपोत निरोप धाडला. कंडक्टर धावत आले. काउंटरजवळ पोचतात न पोचतात तोच बाई म्हणाल्या, “हात धुऊन या आधी.”

हे वाक्य त्यांना दर खेपेला ऐकावं लागायचं. दिवसभर नाणी मोजून बोटं काळी झालेली असायची, हे खरंच होतं. दुकानाच्या मागे एक नळ होता. ते निमूट तिकडे जायचे, साबण लावायचे, परत यायचे, आणि बाईंसमोर हात पालथे-सुलटे करून दाखवायचे. बाई म्हणायच्या, “बोटांच्या मध्ये?” ते परत जायचे. इतर गिऱ्हाइकं हसायची, तेही हसायचे. मग कुठे चिमटा हातात मिळायचा.

प्लॅस्टिकची पानं आली तेव्हा बाईंनी त्यांना सांगितलं होतं, “तुमच्यासाठी तर हे देवानंच पाठवलंय. एकदा आत घातलं की तुमचा हात लागायचा प्रश्नच नाही.” कंडक्टरांनी मुकाट्यानं सगळा अल्बम त्या पानांत हलवला. काकांच्या हिंजा एकेक सोडवून, महिनोन्‌महिने.

पुढे त्यांचं येणं कमी झालं, मग थांबलं. बाई म्हणाल्या, “गरज सरो, वैद्य मरो.” आणि विसरून गेल्या.

तर त्या दिवशी दुपारी काका पाय मोकळे करायला बाहेर गेलेले, बाई ट्रंक उघडून बसलेल्या, आणि दार वाजलं. दारात एक बाई, कामावरून परस्पर आलेली, गळ्यात ओळखपत्र अजून तसंच.

“काकू, ओळखणार नाही तुम्ही. बसवाले कंडक्टर यायचे ना दुकानात? मी त्यांची मुलगी.”

“अगंबाई! ये, ये. आहेत का बाबा? बरे आहेत ना?” बाईंना मनापासून आनंद झाला. चहा टाकला. मुलीनं पिशवीतून जुन्या चादरीत गुंडाळलेला अल्बम काढला आणि मांडीवर धरून बसली.

“बाबांना माहीत नाही मी हा आणलाय. कपाटाच्या तळाशी घालून ठेवलाय त्यांनी. बघतसुद्धा नाहीत. म्हटलं, काकूंकडे काही इलाज असेल तर.”

बाईंनी अल्बम उघडला. पान हलवताच नाकात वास शिरला. तो रेनकोटाचा वास, पण आता शिळा, तेलकट. पानं एकमेकांना चिकटली होती, ओढली तर चरचर आवाज करत सुटत होती. प्लॅस्टिकला घाम फुटावा तसं त्यावर तेल सुटलेलं. आतली तिकिटं आरपार ओली झाल्यासारखी दिसत होती, कडेचे दाते पिवळे. शेवटच्या पानावर ती चार बसगाड्यांची मालिका होती. लाल बसचा लाल रंग सुटून खिशाला लागला होता आणि तिकिटावर उरला होता एक गुलाबी डाग, त्याला दोन चाकं.

आपण काय बघतोय ते त्यांना तत्क्षणी कळलं. आयुष्य त्या सामानात गेलेलं, कळणार नाही तर काय! वास कसला, तेल कुठलं, कुणी दिलं, काय सांगून दिलं, सगळं.

“बाबा म्हणतात, त्यांच्या हाताच्या घामानं झालं,” मुलगी सांगत होती. “म्हणतात, जन्मभर नाणी मोजली, हातात मळ मुरलाय, कितीही धुतले तरी निघत नाही. बाईंनी इतक्यांदा बजावलं होतं, मीच कुठेतरी चुकलो असणार. तुमच्याकडे यायला सांगितलं तर म्हणायचे, कुठल्या तोंडानं जाऊ? बाई पहिलं विचारतील, हात धुतले होते का.” तिनं चहाचा कप बाजूला ठेवला. “आता तर काकू, अति झालंय. माझ्या मुलीचं चित्रांचं पुस्तकसुद्धा हातात घेत नाहीत. ती मांडीवर येऊन बसते, आणि हे हात मागे धरून तिला म्हणतात, तू उलट पान. पोरीला वाटतं खेळ आहे.”

बाई अल्बमकडे बघत राहिल्या.

“काकू, घामानं होतं का हो असं?”

आता इथे एकच शब्द बोलायचा होता. ‘नाही.’ दोन अक्षरं. ज्या जिभेला कधी हाड नव्हतं, ती नेमकी तेव्हाच टाळ्याला चिकटली. बाईंच्या डोळ्यांपुढे काकांचं नाक आलं, टायवाला आला, ‘पोटात दुखतंय’ आलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, “होतं... घामानं होतं कधी कधी.”

मुलीचा चेहरा उतरला. “म्हणजे बाबांचंच बरोबर होतं,” ती म्हणाली. अल्बम राहू दे तुमच्याकडे, काही वाचवता आलं तर बघा, असं म्हणून चहाचे आभार मानून गेली. चहा अर्धा तसाच होता.

काका परत आले. “दोन कप दिसतायत. कोण आलं होतं?”

“शेजारीण.”

अल्बम ट्रंकेत गेला होता आणि बाई ट्रंकेवर बसल्या होत्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. काका खिडकीकडे वळले तरी बाईंना वाटायचं, ट्रंकेकडेच बघतायत. रात्रीचं जेवण गेलं नाही. पुढचे काही दिवस असेच. बाई भांडी घासत, आणि घासता घासता स्वतःच्या हातांकडे बघत राहत. मनाशी नाना तऱ्हेचे वकील उभे करत. मला काय माहीत होतं? विकणाऱ्यानं सांगितलं, मी सांगितलं. सगळेच विकत होते. खोटं बोलायचा माझा हेतू नव्हता. हे सगळं खरं होतं हो, पण तेव्हापुरतं. त्या दिवशी दुपारी मात्र बाईंना माहीत होतं. त्या दुपारपुढे एकही वकील टिकत नव्हता. मूल मांडीवर बसलेलं आणि आजोबांचे हात पाठीमागे. ते चित्र काही केल्या हलेना.

आणि मग आणखी एक आठवलं, नको तेव्हा. दुकान चालू असतानाच कंडक्टर एकदा म्हणाले होते, “बाई, पानं जरा ओशट लागतायत.” आणि बाईंनी मान वर न करता विचारलं होतं, “हात धुतले होते का?” त्यानंतर ते आलेच नव्हते. बाई भांडं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. नळ वाहत होता.

एका सकाळी काका अंघोळीला गेलेले बघून त्यांनी ट्रंकेच्या तळाची पुडी काढली, तपकिरी कागद सोडला. न वापरलेली प्लॅस्टिकची पानं. एकाही गिऱ्हाइकाचा हात न लागलेली. तीही ओशट, तीही चिकट. बाईंनी बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं. मनात कुठेतरी एक वेडी आशा होती, की असेलही घाम. तीही गेली.

“कसला वास येतोय?” काका दारात उभे होते, डोक्यावर टॉवेल. नाक वर. ते आत आले, बाईंच्या समोरची पानं बघितली, कंडक्टरांचा अल्बम बघितला, खाली बसले. बाईंनीच सगळं सांगितलं, अडखळत, शेजारणीच्या खोट्यासकट. सांगून झाल्यावर रागानं म्हणाल्या, “म्हणा ना एकदाचं! ‘मी सांगितलं नव्हतं?’ म्हणा आणि मोकळे व्हा.”

“काय म्हणू?” काका म्हणाले. “सांगायचं तर ठासून सांगायला हवं होतं. एकदा नाक मुरडलं आणि गप्प बसलो. घरात कटकट नको म्हणून. माझा अल्बम तेवढा वाचवला. डिंक पक्का होता माझा, माणूस कच्चा.”

बाईंना वाटलं होतं, ते रागावले की आपण रडू आणि बरं वाटेल. ते रागावलेच नाहीत. मग बाई रडल्या, पण बरं काही वाटलं नाही.

“फोन करते त्यांना,” त्या डोळे पुसत म्हणाल्या.

“फोन नको. जाऊन सांग.”

“मग तुम्ही चला बरोबर.”

“मी आलो तर तू मला पुढे करशील. ओळखून आहे मी तुला.” हे म्हणताना ते पहिल्यांदा थोडे हसले. मग उठले, स्वतःचा अल्बम काढला. त्यांच्याकडेही ती चार बसगाड्यांची मालिका होती, मागाहून जमलेली. पाठीला जुनी हिंज. काकांनी चिमट्यानं कड धरून हळूच ओढलं. हिंज आवाज न करता सुटली. लाल बस होती तशी लाल. चारही तिकिटं त्यांनी बटर पेपरच्या पाकिटात घातली, वर हिंजांची पुडी ठेवली, आणि ट्रंकेतला शेवटचा काळ्या पानांचा अल्बम बाईंच्या पिशवीत, चादरीत गुंडाळलेल्या कंडक्टरांच्या अल्बमशेजारी घातला.

“तुमची आवडती आहे ती,” बाई म्हणाल्या.

“आवडीचंच द्यायचं असतं. नावडतं काय, कुणीही देईल.”

कंडक्टर डेपोच्या मागच्या इमारतीत राहत होते, दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना बाई प्रत्येक वळणावर थांबल्या. धाप होती, पण सगळी धाप जिन्याची नव्हती. दार कंडक्टरांनीच उघडलं. वाळले होते, पाठीला बाक आला होता, आणि बाईंना बघून त्यांचा चेहरा असा खुलला, की बाईंना तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

“बाई! तुम्ही! आमच्याकडे! या, या, बसा. अहो, सांगायचं तरी!” खोली लहान, नीटनेटकी. खुर्ची खिडकीशी. “इथे बसतो मी दिवसभर. गाड्या बघत. आवाजावरून सांगतो कुठली उशिरा आली ते.” बोलता बोलता त्यांची नजर पिशवीवर गेली. जुन्या चादरीचा कोपरा बाहेर आला होता. चादर त्यांनी ओळखली. चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, पण जागच्या जागी थिजलं.

“थांबा हं,” ते म्हणाले. “हात धुऊन आलो.”

बाई ‘अहो, नको’ म्हणेपर्यंत ते आत गेले होते. आतून नळाचा आवाज येऊ लागला. मग साबणाचा. मग नळाचा. बाईंना वाटलं, झालं. परत साबणाचा. त्या खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. एक बस सुटली, दुसरी आली, आतलं पाणी चालूच. कंडक्टर बाहेर आले ते टॉवेलनं एकेक बोट पुसत, बोटांच्या मधली जागासुद्धा, अगदी बाईंनी शिकवलं होतं तसं. समोर बसले आणि हात पुढे केले. आधी पालथे, मग सुलटे. धुऊन धुऊन कातडी पांढरी पडली होती, बोटांच्या पेरांवर चिरा गेल्या होत्या.

बाईंना ते बघवेना. “हात घ्या ना खाली,” त्या म्हणाल्या. “तुमचे हात नव्हते हो.”

“काय?”

“तुमच्या हातानं काही झालं नाही. ते प्लॅस्टिक सडकं होतं. त्याच्यातून तेल सुटतं. माझ्याकडे न उघडलेली पानं आहेत, कुणाचाही हात न लागलेली, तीही तशीच झालीत. आमचे हे तेव्हाच म्हणाले होते, याला वास येतोय म्हणून. मी त्यांना गप्प केलं आणि तुमच्या गळ्यात मारलं. देवानं पाठवलंय म्हणून सांगितलं. मी सांगितलं.”

कंडक्टर हातांकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला, तरी त्यांनी मान वळवली नाही.

“तुम्हाला कधी कळलं?”

इथे खोटं बोलता आलं असतं. आजच कळलं, म्हणता आलं असतं. “मुलगी आली त्याच दिवशी,” बाई म्हणाल्या. “बघताक्षणी.”

“पण ती तर म्हणाली...” ते थांबले. “कपाट आवरताना अल्बम दिसला नाही, तेव्हा तिनं सांगितलं. काकू म्हणाल्या, घामानंच होतं.”

“म्हणाले मी तसं.”

“का?”

“भ्याले म्हणून. दुसरं काय! दुसऱ्याला झाडायची सवय, स्वतःवर आलं तर वाचा बसली.”

मग कंडक्टरांनी अगदी सहज, जुनी चौकशी करावी तसं विचारलं, “बाई, ते डॉक्टर यायचे ना दुकानात? त्यांनाही सांगायचात का, हात धुऊन या म्हणून?”

बाईंना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. डॉक्टर आले की त्या काउंटरवरून चिमटा स्वतःहून पुढे करायच्या, टोक आपल्याकडे आणि मूठ त्यांच्याकडे. वकिलांनाही. शाळेच्या हेडमास्तरांनाही. सगळ्यांना सारखं म्हणे!

“नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांना कधीच नाही. फक्त तुम्हाला.”

“मला वाटायचंच,” कंडक्टर म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. “मग मीच समजूत घालायचो. म्हणायचो, आपले जास्त मळलेले असतील.”

बाईंनी पिशवीतून काकांचं पाकीट काढलं, हिंजांची पुडी काढली, नवा काळा अल्बम काढला, सवयीनं चिमटाही काढला. सगळं मेजावर ठेवलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण एवढ्या मोठ्या गोष्टीला पुरेल असा शब्द सापडेना, म्हणून नुसतं म्हणाल्या, “यांनी दिलंय. स्वतःच्या अल्बममधलं.”

कंडक्टरांनी पाकीट उघडून मेजावर उपडं केलं. लाल बस वर आली. बाईंनी चिमटा पुढे केला, मूठ त्यांच्याकडे. त्यांनी तो घेतला, जरा वेळ धरला आणि बाजूला ठेवला. मग अंगठा आणि एक बोट पुढे केलं. ते हवेतच थांबलं. बाईंच्या ओठांवर सवयीनं शब्द आला, ‘हात!’ त्यांनी तो आवंढ्यासारखा गिळला. कंडक्टरांनी उघड्या बोटांनी तिकीट उचललं, डोळ्यांशी नेलं, बस सुलटी-पालथी केली, कडेचे दाते बोटानं चाचपले. किती वर्षांनी, ते त्यांनाच ठाऊक. काही झालं नाही. लाल रंग लालच राहिला.

“संध्याकाळी नात येते,” ते म्हणाले. “तिला दाखवतो. हातात देतो तिच्या.”

मग त्यांनी पुडीतून एक हिंज काढली, जिभेला लावली. मेजावर अजून तीन तिकिटं होती. बाईंना राहवलं नाही. हाताला काहीतरी काम हवं होतं, बसून राहणं सोसत नव्हतं. “मी लावू लागू का?” त्यांनी विचारलं आणि चिमटा न घेताच हात पुढे केला.

कंडक्टरांनी त्यांच्या हाताकडे बघितलं. मग वर बघितलं. जन्मात त्यांनी बाईंना एकही उलट शब्द दिला नव्हता.

“हात धुऊन या आधी,” ते म्हणाले.

ते हसले नाहीत. बाईही हसल्या नाहीत. उठल्या. परक्या घरातून, बसलेल्या माणसाकडे पाठ करून, नळ कुठे आहे ते शोधत गेल्या. खोली केवढीशी, पण चालता चालता कान तापले, पदर उगाच सावरला, आपण कुठून तरी घाण घेऊन आलो आहोत असं वाटलं. दुकानाच्या मागच्या नळापर्यंतचं अंतर केवढं होतं, ते त्यांना त्या दिवशी कळलं. नळाशी साबणाची झिजलेली चकती होती. बाईंनी ती घेतली आणि एकेक बोट चोळायला लागल्या, बोटांच्या मधली जागासुद्धा.